हिरवा दिवा आणि बारा प्रती

आमच्या कॉम्प्युटरवर एक हिरवा दिवा लागला आणि शेजारच्या गफारभाईंचा संसार मोडता मोडता वाचला.

झालं असं, की पुण्याच्या लेकीने मला बिनवायरचा प्रिंटर पाठवला आणि फोनवर बजावलं, "बाबा, स्क्रीनवर माऊस, स्पीकर, प्रिंटर अशी नावं दिसतील. ज्याच्यापुढे हिरवा दिवा, ते जोडलेलं. लाल असेल तर नाही. कळलं?"

"न कळायला काय झालं? सिग्नल कळतो की मला!"

त्या दिवशी सुनंदाचा, म्हणजे आमच्या हिचा, साठावा वाढदिवस. ही देवळात गेलेली बघून मी आयुष्यातली पहिली (आणि अजून तरी शेवटची) कविता टाइप केली. 'प्रिये, तू हसलीस की माझ्या काळजाचा फ्यूज उडतो' अशी झकास सुरुवात! खाली नाव घालायची लाज वाटली, म्हणून नुसतं 'तुझाच'. प्रिंटरपुढे हिरवा दिवा. बटण दाबलं. कागद येईना! पुन्हा दाबलं. प्रिंटर ढिम्म, दिवा मात्र हिरवागार! मग मी इरेला पेटलो आणि एकूण अकरा वेळा दाबलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आरडाओरडा सुरू झाला. तिकडे गफारभाईंचं घरातच झेरॉक्सचं दुकान; दुपारी तिथं शबानाभाभी बसतात.

"ये प्रिये कौन है? बोलो!"

"अगे, मेरेकू क्या मालूम!" गफारभाईंचा केविलवाणा आवाज.

"एक नहीं, ग्यारा चिठ्ठ्यां! बासष्ट की उमर में फ्यूज उडाते? गिराकां पढके हंस रैं!"

'शिव शिव, या वयात!' असं म्हणत मी खिडकी लावून घेतली आणि बाराव्यांदा बटण दाबलं.

"लो! फिर आई!" भाभी किंचाळल्या.

तेव्हा मात्र माझ्या काळजाचा फ्यूज खरोखर उडाला! दिवा खरं तेच सांगत होता. प्रिंटर जोडलेलाच होता, फक्त तो गफारभाईंचा होता! (त्याच कंपनीचा, आणि स्क्रीनवर नावही तेच. आमच्या प्रिंटरचा तर मी प्लगसुद्धा लावला नव्हता.)

मी अनवाणी धावलो आणि सहा गिऱ्हाइकांसमोर हात जोडून कबूल केलं, "भाभी, कविता माझी आहे!"

गफारभाईंनी मला मिठीच मारली. भाभी हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात. नेमकी त्याच वेळी सुनंदा देवळातून परतली. भाभींनी बाराही कागद तिच्या हातात ठेवले आणि डोळे मिचकावत म्हणाल्या, "दीदी, नाव नाही बघा. इचारा की, ही प्रिये कोण ते!"

सुनंदाने कविता वाचली. मग मला नखशिखांत न्याहाळलं.

"ह्यांना कोण भेटतंय हो!" असं म्हणून ती खळखळून हसली.

"आणि कविता?" मी चाचरत विचारलं.

"लई छान आहे. कुठून उतरवून घेतलीत?"

गफारभाईंवर बासष्टाव्या वर्षी बायको अकरा कागदांवरून पेटून उठते. माझ्या बायकोच्या हातात बारा पुरावे होते, पण तिला साधा संशयसुद्धा आला नाही!