कॅरेटच्या तळाची सीताफळं

हंगामातलं पहिलं कॅरेट दुकानात आलं आणि सीताफळांचा तो गोड, जरासा आंबूस वास सुटला, की मी जागच्या जागी थबकतो. तेलगावच्या फाट्यावर माझं फळांचं दुकान आहे, आणि डोंगरात शेळ्या राखणारा एक गडी कैक वर्षांपासून मला सीताफळं आणून देतो. त्याचं कॅरेट मी कधी उपसून पाहिलं नव्हतं. एका वर्षी बाहेरगावचा व्यापारी चढ्या भावानं माल उचलत टेम्पो फिरवू लागला, आणि आमचा गडी तोच टेम्पो भरत होता, असं कुणीतरी मला सांगितलं. दुसऱ्या सकाळी त्याचं कॅरेट आलं तर वर सगळी बारकी, खुरटी फळं. माझं डोकंच फिरलं. त्याच्यासमोरच मी ते गोणपाटावर उलटं केलं, तर तळातून ओंजळीत एकच मावेल अशी टपोरी, डोळे उघडलेली फळं गडगडत बाहेर आली. मला काही सुधरेना. "त्या टेम्पोवाल्याला माल दिला का न्हाई?" मी विचारलं. "दिला की. लई भाव देत होता," तो म्हणाला, "पर हे वर ठेवलं असतं तर त्यानं हेबी उचललं असतं. म्हनून तुमचं खाली दडवलं, भाई." मग तो खाली बसून एकेक फळ परत भरू लागला. त्यानं नक्की फसवलं कुणाला, टेम्पोवाल्याला की मला? माल अजूनही त्याचाच येतो. फक्त त्या दिवसापासून टपोरी फळं वर असतात, सगळ्यांच्या कॅरेटात असतात तशी, आणि तळाशी हात घालायला मी काही धजत नाही.