दाजींच्या गाडीखाली

गाडीचं इंजिन ऑइल घरच्या घरी बदलायला लोक हौसेनं शिकतात. मी सूड घ्यायला शिकलो. सूड कुणावर, तर धाकट्या बहिणीच्या नवऱ्यावर, म्हणजे आमच्या दाजींवर.

आम्ही खानदेशातून सुरतेला आलेली माणसं. नव्वदीच्या त्या वर्षांत उधन्याला राहायचो, आणि मी एका लूमच्या कारखान्यात फिटर होतो. बहीण दिली होती शहराच्याच कडेला हजिऱ्याला, एका कंपनीतल्या सुपरवायझरला. पोरगी गावातच राहणार म्हणून आई लग्नात सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती. पण लग्नानंतर चार वर्षं ती एकदाही आखाजीला घरी आली नाही. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. दिवाळीला लेक आली नाही तर आमच्याकडे कुणी फार मनावर घेत नाही, आखाजीला मात्र ती माहेरी हवीच. तिला आणायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मी दर वर्षी मुऱ्हाळी होऊन जायचो आणि दर वर्षी चहा पिऊन एकटाच परत यायचो.

पहिल्या वर्षी दाजी म्हणाले, पाहुणे येणार आहेत. दुसऱ्या वर्षी म्हणाले, ऊन फार आहे. तिसऱ्या वर्षी पायावर पाय टाकून खरं काय ते बोलले, "माझी बायको रिक्षात लूमवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार नाही. गाडी आणा, मग न्या."

बहीण पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली. दाजींची कॉलर धरून त्यांना जिन्यावरून खाली न्यावं असं मला मनापासून वाटलं. पण जावयाला बोलायची आमच्यात सोय नाही. घरी येऊन मी तोंडाचा पट्टा सोडला, तर आई माझ्यावरच डाफरली, "जवाई शे तो. त्याले काही बोलू नको. पोरगीले भोगनं पडी."

मग मी गाडी आणली. साडीच्या एका व्यापाऱ्याकडची म्हातारी फियाट. दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही, पण चालायची. आखाजीच्या आधीच्या रविवारी दाजी ती बघायला स्कूटरवर आले. नवी मुलगी बघायला आल्यासारखे तिच्याभोवती फिरले. बॉनेट उघडायला लावलं, ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली, आणि हात धुतल्यावर पुसायला म्हणून आईनं पुढे केलेल्या पांढऱ्या टॉवेलवर ती पुसली. काळाकुट्ट पट्टा उमटला.

"यात ऑइल आहे की डांबर?" दाजी म्हणाले. समोरच्या दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी गुजरातीत विचारलं, "आ गाडी छे के भंगार?" तो दात काढून हसला. दाजी पुढे म्हणाले, "इंजिन बसेल वाटेत. माझी बायको काय धक्का मारणार?"

"मी ऑइल बदलतो ना," मी म्हटलं.

"तुम्ही? तुम्ही आपले लूमला तेल घाला. हे काम वेगळं असतं."

एवढं बोलून ते आमरसावर ताव मारून गेले. वाईट याचं वाटलं की ऑइल खरंच काळं होतं. त्या वर्षीही बहीण आली नाही. आईनं खापरावरच्या पुरणपोळ्या डब्यात भरून हजिऱ्याला पाठवल्या.

गॅरेजमध्ये गाडी टाकता आली असती. पण मला ते माझ्याच हातानं करायचं होतं. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची आणि कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी मी फियाटची पुढची चाकं लाकडी ओंडक्यांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि घमेलं घेऊन खाली शिरलो. इंजिन जरा तापवून घ्यायचं म्हणजे ऑइल पातळ होतं, हे ऐकून होतो. जरा म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनाच्या तळाचा नट सुटला तशी गरम काळी धार कोपरापर्यंत आली आणि मी दाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आईच्या त्या टॉवेलचा डाग काही गेला नव्हता, म्हणून तोच मी पुसायला घेतला होता. त्याला हात पुसताना दाजींचं तोंड पुसतोय असं समजायचो. बरं वाटायचं.

पहिल्यांदा फजिती झाली. लूमच्या माणसाचा हात तेलाला सैल. लूमला दोन थेंब जास्त पडले तर कापडाला डाग पडतो, लूमचं काही बिघडत नाही. त्याच सवयीनं मी इंजिनात ओतत गेलो. चालू केलं तर गल्लीभर निळा धूर. दुकानदार खोकत बाहेर आला. तो मला भंगाराची आठवण करून देणार हे दिसत होतं, म्हणून मी काचा वर केल्या. मग जास्तीचं काढलं, पट्टीवरच्या खुणेशी जुळवलं, नटाखालचा वॉशर बदलला. पुढच्या खेपांना हात बसत गेला. लोक देवळात जातात तसा मी दाजींची आठवण काढत नेमानं गाडीखाली जायचो.

पुढच्या आखाजीच्या आदल्या दिवशी मी फियाट घेऊन हजिऱ्याला गेलो. सीटना नवी कव्हरं घातली होती. दाजी खाली आले, बॉनेट उघडलं, पट्टी ओढली. ऑइल मधासारखं. त्यांनी पट्टी पुसून पुन्हा घातली, पुन्हा ओढली. काही सापडेना. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वर खिडकीत बहीण उभी होती, तिची पिशवी भरलेली असणार हे मला माहीत होतं.

"हात बसला म्हणायचा," दाजी शेवटी म्हणाले. आणि आपल्या कोऱ्या मारुतीकडे बोट केलं. "मग असं करू. हिचंही ऑइल बदलायला झालंय. आखाजीला आम्ही दोघं हिच्यातूनच येतो. तुम्ही तेवढं करून टाका. संध्याकाळी परत निघू."

म्हणजे मुऱ्हाळी म्हणून मी तिला न्यायचं नाहीच. वर यांच्या गाडीचं काम. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर ती आलीच नसती.

आखाजीच्या दुपारी दाजी पंख्याखाली खाटेवर आडवे झाले आणि मी त्यांच्या मारुतीखाली. मागल्या बाजूला शेडच्या तुळईला झोका बांधला होता. बहीण झोक्यावर होती. आजूबाजूच्या लेकीबाळी गाणी म्हणत होत्या, त्यात तिचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता. जुनं ऑइल निथळलं. मी नट हातानं लावला आणि पाना बाजूला ठेवला.

तो तसाच सोडायचा, एवढंच. गाडी निघताना काही कळलं नसतं. हादऱ्यांनी नट वाटेत हळूहळू सुटला असता, तेल रस्त्यावर सांडलं असतं, लाल दिवा लागला असता आणि कोरं इंजिन हजिऱ्याच्या रस्त्यावर जाम झालं असतं. मग दाजींनी धक्का मारला असता. चार वर्षं याचीच वाट बघत होतो. त्या नटावर बोट ठेवून मी पडून राहिलो, आणि खोटं कशाला बोलू, आमरसापेक्षा ते गोड लागत होतं.

"उरकलं का?" खाटेवरून आवाज आला. "अंधाराच्या आत पोचायचंय. त्या रस्त्याला ट्रक फार."

झोक्यावर गाणं चालूच होतं. दाजींच्या शेजारच्या सीटवर कोण बसणार होतं, ते मला ठाऊक होतं.

मी पाना उचलला आणि नट आवळला. दात आवळून, पाय चाकाला टेकवून आवळला. नवं ऑइल भरलं, पट्टी तीनदा पाहिली. दाजींनी येऊन नटाखाली बोट फिरवलं, कोरडं बोट मला दाखवलं आणि म्हणाले, "वा!"

बहीण गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, "भाऊ, पुढली आखाजीले तू माले लेवाले येजो." दाजींनी गिअर टाकला.

गाडी वळल्यावर मी वाकून जमीन पाहिली. तेलाचा एक थेंबही नव्हता. माझं काम चोख झालं होतं, आणि त्याचाच मला आलेला राग अजून गेलेला नाही.