मादामच्या कोठारातली अकरा खेचरं

दार आमच्या तोंडावर बंद झालं, तेव्हा साहेबांनी दिलेला कागद माझ्या हातात तसाच घडी घातलेला होता.

मी आणि रहीमचाचा फ्रान्समधल्या एका खेड्यात, एका शेतकरणीच्या अंगणात उभे होतो. मागच्या, म्हणजे चौदा सालच्या लढाईतला हिवाळा होता. मी खेचरांच्या पलटणीत व्हेटरनरी असिस्टंट होतो, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. मुंबईला कॉलेजात शिकलो, पण घर कळसाडीचं, कापूस पिकवणारं. रहीमचाचा नंदुरबारचे नालबंद. खेचरांच्या खुरांना लोखंडी नाल ठोकायचं काम त्यांचं. ते वयाने वडील म्हणून मी त्यांना चाचा म्हणायचो आणि मी चार बुकं शिकलेला म्हणून ते मला डाक्टर म्हणायचे. अख्ख्या पलटणीत अहिराणी बोलणारे आम्ही दोघंच.

आमची अकरा खेचरं फुफ्फुसाच्या तापाने आजारी होती. या आजारात औषधाहून मोठं औषध म्हणजे कोरडी जमीन आणि डोक्यावर छप्पर. आमची जनावरं तर घोटाभर चिखलात, उघड्यावर उभी. सकाळीच कॅप्टनसाहेबांनी मला बोलावलं होतं.

"असिस्टंट, उद्या दुपारपर्यंत छप्पर मिळालं नाही तर अकराही खेचरं जनावरांच्या डिपोला रवाना."

"सर, डिपो पंधरा मैलांवर आहे. चालत नेली तर निम्मी वाटेत पडतील."

"इथे राहिली तर सगळीच पडतील."

"इथल्या गावातलं ते मोठं कोठार रिकामं दिसतंय, सर. ऑर्डर काढून ताब्यात घेतलं तर?"

"गाव फ्रेंचांचं आहे. त्यांच्या अधिकाऱ्याची सही आणायला चार दिवस जातील. हा विनंतीचा कागद घे, दुभाष्याकडून फ्रेंचमध्ये लिहून घेतलाय. जा आणि विचार."

ती अकरा जनावरं मी मुंबईच्या बंदरापासून सांभाळत आणली होती. बोटीत त्यांच्यापाशी झोपलो होतो. ती माझ्या डोळ्यांदेखत रस्त्यात मरू द्यायची नव्हती, म्हणून कागद घेऊन चाचांबरोबर लगेच निघालो.

अंगणात एक बाई दाताळ्याने शेण ओढत होती. पलीकडे बाकावर एक म्हातारा बसला होता. आम्ही दोघं आमच्या मुलखाच्या रीतीने वागलो. परक्या बाईकडे बघायचं नाही, तिच्याशी परस्पर बोलायचं नाही. नजर खाली घालून आम्ही तिच्या अंगावरून पुढे गेलो, म्हाताऱ्याला वाकून राम राम केला आणि कागद त्याच्यापुढे धरला. म्हाताऱ्याने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बाईकडे बघत राहिला. बाईने दाताळं भिंतीला टेकवलं, म्हाताऱ्याला दंडाला धरून उठवलं, आत नेलं आणि दार लावलं.

"डाक्टर, आपलं काय चुकनं?" चाचांनी विचारलं.

मला तरी कुठे ठाऊक होतं? इतक्या अदबीने वागल्यावरही कुणी असं करतं म्हणजे बाई खाष्ट असणार, असं म्हणून मी मोकळा झालो.

परत जाताना चाचांना तंबाखू हवी होती म्हणून आम्ही गावातल्या दुकानात शिरलो. आत गर्दी होती, म्हणून कोपऱ्यात उभे राहिलो. रोग्याकडे बघत बसणं हा माझा धंदाच आहे. जनावर काही सांगत नाही, आपण बघून ओळखायचं. तसा मी बघत होतो. एक वयस्क फ्रेंच शेतकरी आला, टोपी काढून दुकानदारणीला म्हणाला, "बोंजूर, मादाम." म्हणजे नमस्कार, बाई. ती म्हणाली, "बोंजूर, मस्यू." म्हणजे नमस्कार, महाशय. मग त्याने पाव मागितला. एक आजीबाई आली, तोच प्रकार. मग एक गोरा सोल्जर आला आणि आल्या आल्या ओरडला, "ब्रेड!" दुकानदारीण फळी पुसत राहिली. तो पुन्हा ओरडला. ती फळीच पुसत राहिली. त्याच्यामागून आलेल्या म्हातारीने बोंजूर म्हटलं आणि पाव घेऊन ती गेलीसुद्धा.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या मुलखात आधी नमस्कार आणि मग काम. तोही घरच्या धनिणीला, तिच्या तोंडाकडे बघून. तरणे पुरुष सगळे लढाईवर, तेव्हा त्या अंगणाची मालकीण ती बाईच होती. तिच्याच अंगणात आम्ही तिला खांबासारखं ओलांडून गेलो होतो!

बाहेर येऊन चाचांना सांगितलं, तर ते दुसरीच तोड सुचवू लागले.

"डाक्टर, तिन्हा घोडाना पुढला नाल ढिला शे. मी देखं. तो ठोकी देऊत, मंग ती कोठार देई."

"नही चाचा. तिले वाटी, हाई लालूच शे. आपन तिले अजून राम राम बी करेल नही."

"परकी बाईना तोंडकडे देखीसन बोलानं? आपला गावमा असं कोनी करस का?"

"हाई आपलं गाव नही. आठे घर तिन्हं शे."

इथे घर तिचं, तेव्हा रीतही तिचीच, असं मी त्यांना म्हणत होतो. पन्नाशीच्या माणसाला जन्मभराची रीत मोडायला सांगणं सोपं नसतं, आणि मला ते सांगताना वाईटही वाटत होतं.

दुपारी पुन्हा गेलो. दार वाजवलं. बाईने उघडलं, कपाळावर आठी होतीच. मी सरळ तिच्याकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणालो, "बोंजूर, मादाम."

आठी जराशी सैल झाली. "बोंजूर, मस्यू."

मी कागद काढणार, तेवढ्यात तिने हात वर करून मला थांबवलं आणि चाचांकडे वळून म्हणाली, "बोंजूर, मस्यू." आणि वाट बघत राहिली. चाचांची नजर स्वतःच्या बुटांवर. अखेर चाचांनी मान वर केली, हात कपाळाला नेला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बोंजूर, मादाम."

मग तिने स्वतःच कागदासाठी हात पुढे केला. तो वाचला, लाकडी खडावांसारखे बूट पायांत घातले आणि आमच्याबरोबर चिखल तुडवत खेचरांपाशी आली. पहिल्या खेचराचे कान तिने मुठीत धरून पाहिले. कान गार म्हणजे जनावर खचत चाललंय, हे मी कॉलेजात शिकलो, ती गोठ्यात शिकली असणार. अकराही जनावरांचे कान तिने तपासले. मग तशीच परत गेली आणि कोठाराची दोन्ही दारं सताड उघडली.

त्या संध्याकाळी खेचरं कोरड्या गवतावर उभी होती. घोड्याचा नाल चाचांनी दुसऱ्या दिवशी ठोकून दिला, कुणी न सांगता.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही आधी मादामच्या दाराशी जायचो, दोघंही नमस्कार करायचो आणि मगच कोठारात शिरायचो. मला साहेब लोक "असिस्टंट" म्हणायचे. चाचांना तर नुसतं "ए नालबंद!" आणि इथे रोज सकाळी दोघांनाही "मस्यू". खोटं कशाला सांगू, त्या एका शब्दासाठी मी पगडी नीट बांधून जायचो.

पाचव्या दिवशी कॅप्टनसाहेब इन्स्पेक्शनला आले. अंगणातून तरातरा थेट कोठाराकडे निघाले. मादाम दाराशीच होती. तिने दाताळं उचलून दारात आडवं धरलं.

"हा काय प्रकार आहे?" साहेब लाल झाले. "असिस्टंट! हिला सांग मी कोण आहे ते!"

"तिला ठाऊक आहे, सर."

"मग?"

साहेब भडकले असते तर माझी नोकरी आणि खेचरांचं छप्पर, दोन्ही गेलं असतं. पण माझ्या मागे चाचा उभे होते. त्यांनी जे केलं, ते साहेबांना जड का जावं?

"सर, आधी गुड मॉर्निंग म्हणावं लागतं. इथे आम्ही सगळे म्हणतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाताळ्याकडे. आतून एक खेचर खोकलं. साहेबांनी टोपी काढली.

"बोंजूर, मादाम."

"बोंजूर, मस्यू," मादाम म्हणाली आणि दाताळं खाली घेतलं. चाचांना म्हणायची, त्याच आवाजात. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी आम्हा दोघांची छाती किती फुगली, ते आमचं आम्हाला ठाऊक.

अकरापैकी नऊ खेचरं वाचली. साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, "छपराची व्यवस्था झाली." कशी झाली, त्याला रकाना नव्हता.

आता कळसाडीला पेन्शन खात बसलोय. नव्या लढाईवर निघालेली आमच्याकडची पोरं विचारायला येतात, परदेशात कसं वागायचं? मी त्यांना आमच्या कॉलेजातला पहिला धडा सांगतो. जनावराकडे समोरून जा, आधी आवाज द्या, मगच हात लावा, नाहीतर लाथ खाल. मादामला मी खेचराच्या पंगतीला बसवतोय असं कुणी समजू नये. पण माणसांसाठी हा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता, आणि असता तरी कॅप्टनसाहेबांना तो वाचायला लावणारं माणूस आमच्या पलटणीत नव्हतं. त्यासाठी मादामच हवी होती.