विष्णूच्या दोराचं भोक

"चिकटलं म्हणजे धरलं, असं नसते." शालिग्राम हे जेवताना म्हणे, सोयरिकीच्या बोलणीत म्हणे, पुढाऱ्याचं भाषण ऐकतानाही म्हणे. काँक्रीटमध्ये भोक पाडून रेझिन नावाच्या चिकट रसायनाने सळ्या रोवायच्या आणि मग ओढून पाहायच्या, हा त्याचा धंदा. सळीला पकड लावायची, हातपंपाने ताण वाढवायचा आणि काट्यावर डोळा ठेवायचा. सळी हलली नाही, तर तिच्या भरवशावर माणूस लटकू शकतो.

त्या दिवशी लटकणार होता त्याचा साळा, विष्णू. जबलपुरातल्या एका उंच इमारतीला रंग द्यायचा होता आणि रंगाऱ्याला बाहेरून खाली सोडणाऱ्या पाळण्याचे दोर गच्चीवरच्या सळ्यांना बांधायचे होते.

शालिग्रामची बायको अंजनी डबा घेऊन गच्चीवर आली होती. आदल्या दिवशीही आली होती. तेव्हा भोकं पाडून, ब्रशने झाडून, फुंकून कोरडी केलेली होती आणि शालिग्राम हात धुवायला खाली गेला होता. तिच्या माहेरी नर्मदामाईचं पाणी दिल्याशिवाय नव्या कामाला हात लावत नसत. चुलीला देतात, उंबऱ्याला देतात. मग ज्या भोकावर धाकट्या भावाचा जीव टांगायचा, ते कोरडं कसं ठेवायचं? ग्वारीघाटाहून आणलेलं पळीभर पाणी तिने कोपऱ्यातल्या भोकात सोडलं. शालिग्राम वर आला आणि पुन्हा आत न पाहता त्याने त्यात रेझिन भरून सळी रोवली.

"भाऊजी, काल भोकं एवढी झाडूनपुसून कशाले केली? लग्न होतं का भोकाचं?" विष्णूने कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधता बांधता विचारलं.

"ओल राहिली की रेझिन वरून दगड होते, आतून काँक्रीटले धरत नाही."

अंजनीच्या हातातला डबा जड झाला.

शालिग्रामने निवडून काही सळ्या ओढल्या. एकही हलली नाही. "हो गया, दादा," सुपरवायझर शरच्चंद्र म्हणाला, "पाळणा सोडा." कोपऱ्यातली तशीच राहिली.

अंजनी कोपऱ्याकडे एक पाऊल गेली आणि थांबली. नवऱ्याचं काम जाईल, ही एक भीती. माईच्या पाण्याने घात केला असं तोंडाने म्हणायचं, ही त्याहून मोठी. एवढ्यात विष्णूने कठड्यावरून एक पाय पलीकडे टाकला.

"थांब रे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "अहो, कोपऱ्यातली ओढा."

"काहून?"

"माईचं पाणी घातलं मी त्यात."

विष्णूने पाय हळूच मागे घेतला. शालिग्रामने पकड लावली, पंप दाबला. काटा थोडा चढला आणि खाली पडला. ओल्या मातीतून मुळा यावा तशी सळी वर आली.

विष्णू कठड्यापासून दूर येऊन बसला.

"माई कोपली का हो?" अंजनीने विचारलं.

"कोपते कशाले? भेडाघाटचा संगमरवर कापते ते. तिच्यापुढं माह्या रेझिनचं काय चालते?" त्याने सळी बाजूला ठेवली. "ड्रिल आणतो. नवं भोक पाडीन. अन् आता सगळ्याच ओढीन."

तो जिन्याकडे निघाला. अंजनी त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. विष्णूचा पट्टा तिने मुठीत धरला होता. शालिग्राम जिन्यात दिसेनासा झाला तरी तिने पट्टा सोडला नाही.