मागून घेतलेला गुरुवार

ही साक्ष लिहावी की नाही, याबद्दल अजूनही माझी खात्री नाही. अनुभव तसा छोटा आहे. त्यात कुणी एकाएकी बरं झालं नाही, कुणाला आवाज ऐकू आला नाही. मागच्या वर्षी काही काळ मी प्रभुभोजन घेत नव्हते आणि ते पुन्हा कसं घेतलं, एवढंच सांगायचं आहे.

मी रोह्यात राहते आणि पेणला कॉलेजात जाते. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. वडील कंपनीत शिफ्टला असतात, आईची शाळा चौथीत सुटली. आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे, एका बंधूंच्या घरातल्या हॉलमध्ये जमते. मला वाचता-बोलता येतं म्हणून बुधवारच्या सभेत सर्वांच्या विनंत्या ऐकून प्रार्थना करायचं काम पाळकांनी माझ्याकडे दिलं होतं. मला ते आवडायचं. जरा जास्तच आवडायचं, हे आता कळतं.

शोभाताई खांब गावाहून येत. आईच्या वयाच्या, पण सगळे त्यांना ताईच म्हणतात. उपासनेनंतर चहाचे पेले आम्ही दोघी विसळायचो. परीक्षेची भीती, वर्गात इंग्रजी न समजल्याची लाज, हे सगळं मी त्यांनाच सांगायचे. एकदा पेले विसळताना त्यांनीही त्यांच्या घरातली एक गोष्ट मला सांगितली. "तुझ्यापाशीच ठेव गो," म्हणाल्या. पुढच्या बुधवारी मी डोळे मिटून, चांगल्या भाषेत, त्यांचं नाव घेऊन त्या गोष्टीसाठी सगळ्यांसमोर प्रार्थना केली. प्रार्थनेत सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नव्हे, असं मला वाटलं होतं. आमेन म्हणून डोळे उघडले, तर शोभाताई दाराशी चपला घालत होत्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. माझा फोनही उचलला नाही.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याआधी पाळक थोडं थांबतात. कुणाचं कुणाशी बिनसलं असेल तर आधी ते मिटवा, मग या, असं सांगतात. मग येशूच्या स्मरणाच्या भाकरीचं ताट हातोहात फिरतं, प्रत्येक जण शेजारच्यापुढे धरतो. दोन महिने ते ताट माझ्यापुढे आलं आणि मी काही न घेता पुढे दिलं. क्षमा मागायची वाक्यं मी वहीत लिहून ठेवली होती. दोनदा वाटेतल्या कोलाडपर्यंत गेलेही. खांबला जाणारी रिक्षा समोर उभी होती आणि मी परतीच्या रिक्षेत बसले. प्रभू, मीच सगळं नीट करीन, असं रोज म्हणायचे आणि करत काहीच नव्हते.

मग मला टायफॉइड झाला. रोह्यातल्याच एका दवाखान्यात ठेवलं. मंडळीत कुणी आजारी पडलं की भगिनी वार वाटून घेतात आणि डबा पोचवतात. तसे तीन दिवस डबे आले. गुरुवारी दुपारी दारात शोभाताई उभ्या होत्या, हातात पेजेचा डबा.

मी उठायला गेले. वहीतलं एकही वाक्य आठवेना.

"पड गो, पड. उठून काय भाषण करायचंय?"

"ताई, आज तुमचा वार होता?"

"मला कोण वार देतंय? दोन महिने तोंड नाय दाखवलं. मागून घेतला." त्यांनी झाकण उघडलं. "काल सभेत तुझ्यासाठी प्रार्थना झाली. तुझा ताप किती, जुलाब किती, सगळं फोनवरून खांबपर्यंत पोचलं. आता कळलं कसं वाटतं ते?"

उशाशी बसलेली आई हसली. मलाही हसू आलं, मग रडू आलं. "चुकलं माझं," एवढंच म्हणता आलं.

"चुकलं तर व्हयच. अजून राग गेलेला नाय सगळा." त्यांनी चमचा पुढे केला. "पण तू आजारी म्हणून कळलं नि आधी पेजेचे तांदूळ काढले. राग मागनं आठवला. खा."

आजार त्यासाठीच आला, असं मी म्हणणार नाही. मला ते ठाऊक नाही. एवढंच की मी माझ्या पायांनी जाऊन जे करणार होते, ते मी आडवी पडल्यावर झालं, आणि जिला मी दुखवलं तिनेच येऊन केलं. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

पुढच्या पहिल्या रविवारी अंगात जोर नव्हता, म्हणून मी दाराजवळ बसले. शोभाताई आल्या आणि शेजारी बसल्या. ताट त्यांच्या हातात आलं. त्यांनी आपला तुकडा घेतला आणि ताट माझ्यापुढे धरलं. मी नेहमीच्या सवयीने ते पुढे द्यायला हात लावला, तर त्यांनी ताट सोडलं नाही. मी घेईपर्यंत सोडलं नाही.

हे लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं.

"ती गोष्ट कुठाय यात?"

"नाही लिहिली."

"आणि माझं नाव?"

"बदललंय."

"मग दे छापायला."

बुधवारची प्रार्थना अजून माझ्याकडेच आहे. आता ती छोटी असते. मध्ये एका ठिकाणी मी थोडा वेळ गप्प राहते. कुणी माझ्यापाशी ठेवलेलं तेवढ्यात प्रभूला सांगून होतं.