सिमांगने दुकानात दोन पंखे लावले

फेलिसिमा बागताससने उभा जन्म पंख्यांच्या जळालेल्या मोटारी भरण्यात घालवला. सेबू शहरात, बंदराच्या मागच्या गल्लीतल्या पंखेदुरुस्तीच्या दुकानात ती सव्वीस वर्षं केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे वेढे देत बसली. मोटार नुसती ऐकून तिचं दुखणं कुठे आहे ते ती सांगायची. साठी उलटल्यावर पामिलाकान बेटावर थोरल्या बहिणीकडे राहायला आली, तेव्हा सामानात कपडे थोडे आणि हत्यारं जास्त होती.

बेटावरच्या जनरेटरची वीज संध्याकाळी चार तास. थोरली प्रिमितिव्हा दम्याची. तिला दिवसातून तीनदा नेब्युलायझरने औषधाची वाफ घ्यावी लागायची, आणि दमा काही जनरेटरची वेळ पाहून उठत नव्हता. म्हणून फेलिसिमाने, जिला सगळे सिमांग म्हणत, पत्र्यावर सोलरच्या दोन पाट्या स्वतः चढून बसवल्या आणि खाली बॅटरी ठेवली. राहिला इन्व्हर्टर.

"स्वस्तातला आण की," शेजारची लुर्दिता म्हणाली. "आमचा बघ, दिवा लागतो, फोन चार्ज होतो. आणखी काय पाहिजे?"

"दिव्याला काही कळत नाही गं. मोटारीला कळतं," सिमांग म्हणाली. "भिंतीतली वीज लाटेसारखी गोल चढते, गोल उतरते. तुझा इन्व्हर्टर पायऱ्या पाडून देतो. प्रत्येक पायरीला मोटार ठेचकाळते, तापते, आणि एक दिवस जळते. नेब्युलायझरच्या पोटात मोटारच आहे."

तागबिलारान शहरात जाऊन तिने अडीच पट पैसे मोजले आणि खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'प्युअर साइन वेव्ह', म्हणजे अस्सल गोल लाट, असं लिहिलेला इन्व्हर्टर घेऊन आली. पण बहिणीचं यंत्र तिने लगेच लावलं नाही. आधी आपला टेबलफॅन लावला.

पाती फिरली, वाराही आला. सिमांग मात्र मान तिरकी करून ऐकत बसली. पंख्याच्या पोटातून बारीक गुंगुं येत होती. पाव तासाने तिने मोटारीला हात लावला आणि वायर उपसली.

"चाललाय की चांगला," प्रिमितिव्हा खाटेवरून म्हणाली.

"कण्हतोय तो, मनांग," सिमांग थोरलीला म्हणाली. "ही पायऱ्यांचीच वीज आहे. नाव तेवढं गोल लाटेचं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या होडीने ती निघाली. एका काखेत इन्व्हर्टर, दुसऱ्या काखेत पंखा.

दुकानदार नोनितो पस्तिशीतला, गोड बोलणारा, वयाने मोठ्या बायकांना 'नांग' म्हणणारा. त्याच्या डोक्यामागे पाटी होती: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"नांग, पंखा जुना झालाय तुमचा," तो हसत म्हणाला.

"या पंख्याची मोटार मी भरलीय, दोंग," पोराला समजवावं तसं ती म्हणाली.

"तुम्ही काय इंजिनिअर आहात का?"

"नाही. पण इंजिनिअरांचे जळालेले पंखे माझ्याकडेच यायचे."

गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या एक शिक्षिका हसल्या. नोनितोला ते झोंबलं. "मग सिद्ध करा," तो म्हणाला.

सिमांगला एवढंच हवं होतं. तिने त्याच्याच फळीवरचे दोन कोरे, एकसारखे पंखे उतरवायला लावले. एक भिंतीतल्या विजेवर लावला, दुसरा दुकानात नमुन्याला ठेवलेल्या बॅटरीला जोडलेल्या तिच्या इन्व्हर्टरवर. मग स्टूल ओढून मधोमध बसली. येणारं गिऱ्हाईक थबकून विचारायचं, आणि ती सांगायची, "थांबा जरा. अर्ध्या तासाने हात लावून बघा."

अर्ध्या तासाने शिक्षिकाबाईंनी पहिल्या पंख्याच्या पाठीवर हात ठेवला. तो कोमट होता. दुसऱ्यावर ठेवला आणि लगेच मागे घेतला. "हा तर इस्त्रीसारखा तापलाय," त्या म्हणाल्या. "आणि हाच इन्व्हर्टर मी गेल्या महिन्यात शाळेसाठी नेला."

"एखादा पीस खराब निघतो," नोनितो घाईने म्हणाला. "दुसरा देतो, नांग. विषय संपवा."

"सगळे खोके उघड."

त्याने पाच खोके उघडले. पाचही सोनेरी अक्षरांचे, आणि एकेक जोडून पाहिला तर पाचांवरही पंखा गुंगुं करणारा. तोवर दुकानात आठ-दहा माणसं जमली होती.

"आता बाहेर व्हा, नाहीतर पोलिसाला बोलावतो," नोनितोचा आवाज चढला.

"बोलाव. त्यालाही हात लावून बघू दे."

कोणी हललं नाही. नोनितो घाम पुसत आत गेला आणि एक विनाखोक्याचा, चांगला जड इन्व्हर्टर आणून त्याने गल्ल्यावर आपटला. "घ्या. हा माझ्या घरच्या फ्रीजसाठी ठेवला होता."

सिमांगने तो जोडला. पंखा भिंतीतल्या विजेवर फिरावा तसा निमूट फिरू लागला. तिने पुन्हा अर्धा तास वाट पाहिली. मोटार कोमटच राहिली. मग तिने मान वर केली.

"म्हणजे फरक तुला माहीत होता."

नोनितो उघडलेले खोके मिटू लागला.

"मी इन्व्हर्टर घेऊन गेले तर तू उद्या हे पाच पुन्हा फळीवर मांडणार," ती म्हणाली. "मार्कर काढ. ती सोनेरी ओळ खोड. पाचही खोक्यांवरची."

"हे अति होतंय, नांग."

"माझ्या बहिणीचा श्वास यावर चालणार होता. मला आज कसलीही घाई नाही. परतीची होडी तीनला आहे, ती चुकली तर उद्याचीही आहे."

शिक्षिकाबाईही दुसरं स्टूल ओढून तिच्याशेजारी बसल्या. "आणि शाळेचे पैसे," त्या म्हणाल्या.

शेवटी नोनितोने मार्कर घेतला. त्याने पाचही खोक्यांवर काळ्या रेघा ओढल्या. बाईंच्या हातात पैसे ठेवताना तो सिमांगकडे बघून म्हणाला, "पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नका."

"नाही चढणार. पण बेटावरची माणसं येतील. आपापला पंखा घेऊन येतील."

त्या दिवशी तीनची होडी तिला मिळाली. उन्हं कलता कलता ती घरी पोचली तेव्हा प्रिमितिव्हा खाटेवर पुढे वाकून धापा टाकत होती, आणि जनरेटर सुरू व्हायला अजून तासभर होता. सिमांगने घाम न पुसताच नवा इन्व्हर्टर जोडला, औषध भरलं आणि मास्क बहिणीच्या तोंडावर धरला. वाफ सुरू झाली. सिमांगने एक हात यंत्रावर ठेवला आणि दुसरा बहिणीच्या पाठीवर. बरगड्यांची ओढाताण हळूहळू निवली.

मास्क काढून प्रिमितिव्हा म्हणाली, "भांडलीस ना?"

"भांडले," सिमांग म्हणाली, आणि चुलीवर भात ठेवायला उठली.