भाताच्या वाफेवर

लोणावळ्यात ती आमच्या शेजारी राहायची. बॅडमिंटन खेळायला सिलोनला जाऊन आलेली बाई म्हणून लोक तिच्याकडे वळून बघत. मला मात्र ती चुलीपुढेच आठवते. कोरडी पिसं चटकन मोडतात, म्हणून शिजत्या भाताच्या वाफेवर ती बॅडमिंटनची पिसांची फुलं धरून बसायची.

एकदा तिच्या सासूबाई कडाडल्या, "सोवळ्याच्या भातावर बदकाची पिसं? या घरात चालायचं नाही!"

"बरं," ती म्हणाली. तिचं बोलणं एवढंच. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात उभी. "काकू, भात ठेवलात का?"

मग ते रोजचंच झालं. आंबेमोहोराच्या वासात ओल्या पिसांचा वास मिसळला की मला मळमळायचं, पण तिला नाही म्हणवत नसे.

पुढं मलायातल्या सामन्यांचं बोलावणं आलं. सासूबाईंनी माझ्यादेखत तिला बजावलं, "एकदा समुद्र ओलांडलास, पुरे झालं. आता ती बॅट माळ्यावर टाक."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी भात जरा लवकर चढवला आणि दार उघडं ठेवलं.